दाराशी येणारी तार

सातारा

चि. सौ. वैदेही हिस,


सिंहगड रस्त्यावरील नव्या घराचा ताबा मिळाला, सामानसुमान लागले, आणि आता इंटरनेट व टीव्ही केबलवाल्याकडून घ्यावे की कंपनीचे फायबर घ्यावे या एका प्रश्नावर घरात दोन तट पडले आहेत, असे तू कळविलेस. ज्याची सारी हयात दूरध्वनी खात्यात तारा जोडण्यात आणि तुटल्या तारांच्या तक्रारी ऐकण्यात गेली त्या मामाला विचारावे असे तुला वाटले, याचा संतोष झाला. मात्र मला थोडक्यात सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तू पाठविलेल्या दोन्ही दरपत्रकांवर ‘फायबर’ ही अक्षरे ठळक छापली आहेत, आणि त्यांवरून काहीएक निष्पन्न होत नाही. शहरातील पुष्कळ केबलचालक हल्ली आपल्या मुख्य केंद्रापासून गल्लीपर्यंत, क्वचित इमारतीच्या गच्चीपर्यंतही, काचतंतूच, म्हणजे फायबरच, आणतात; वाद उरतो तो गच्चीपासून तुझ्या दिवाणखान्यापर्यंतच्या अखेरच्या टप्प्याचा. म्हणून ज्यांनी या दोहोंपैकी एखादी जोडणी घेतली आहे अशा शेजाऱ्यांकडे चहाच्या निमित्ताने का होईना जाऊन, त्यांच्या खोक्यात शिरणारी तार स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तार काळी, टोकाला धातूचा आटा आणि मधोमध एकच ताठ सुई अशी असेल, तर ती टीव्हीची जुनी कोअॅक्सिअल केबल. निळी वा करडी, टोकाला पारदर्शक खटका असलेली असेल, तर ती गच्चीवरील स्विचातून उतरलेली कॅट-फाइव्ह किंवा कॅट-सिक्स. आणि अगदी बारीक, टोकाला बहुधा हिरवा चौकोनी खटका असलेली असेल, तरच काचतंतू खरोखर घरात पोहोचला असे समज.

हा भेद निव्वळ शास्त्रार्थाचा नव्हे. १९९१-९२ च्या सुमारास उपग्रहवाहिन्या आल्या तेव्हा गल्लोगल्लीच्या उद्योगी तरुणांनी गच्चीवरून गच्चीवर तारा टाकून जे जाळे उभे केले, आणि ज्याला कायद्याची चौकट १९९५ साली मिळाली, ते मुळात चित्र घराकडे नेण्यासाठी होते. घरातून बाहेर काही धाडावयाचे असते, ही कल्पनाच त्यात नव्हती. पुढे त्याच तारेतून इंटरनेट खेळविले गेले तेव्हा परतीच्या वाटेला तरंगपट्ट्याच्या तळाची एक अरुंद पट्टी तेवढी वाट्यास आली. तुझ्यासारख्या वास्तुरचनाकारास, जिला दिवसाकाठी जडजड नकाशे धाडावयाचे आणि दृक्‌श्राव्य बैठकीत आपला चेहराही दाखवावयाचा, तिला ही परतीची वाटच अधिक महत्त्वाची. आणि दरपत्रकावर मोठ्या आकड्यात छापलेला वेग मात्र बहुधा येण्याचा असतो. जाण्याचा वेग काय, हे स्वतंत्रपणे विचार, आणि लेखी घे. शिवाय ‘१०० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदास १०० मेगाबाइट नव्हेत, तर फार तर साडेबारा, हे यजमानांच्याही कानावर घाल.

दुसरी बाब विजेची. कोअॅक्सिअलच्या मार्गावर ठिकठिकाणी अॅम्प्लिफायर बसवावे लागतात, कॅट-फाइव्हला गच्चीवर स्विच लागतो, आणि या दोहोंस वीज हवी. त्यामुळे तुझ्या घरचा इन्व्हर्टर चालू असूनही गच्चीवरचे खोके निजले की इंटरनेट गेलेच. काचतंतूच्या बहुप्रचलित पद्धतीत, जिला जीपॉन म्हणतात, वाटेत फक्त प्रकाश विभागणारी निर्जीव पेटी असते, तिला वीज लागतच नाही. तेव्हा मोडेमला एक छोटा यूपीएस जोडला, आणि कंपनीच्या केंद्रातील बॅटऱ्या जाग्या असल्या, की महावितरणची कितीही अवकृपा झाली तरी तुझी बैठक मोडत नाही. पण फायबरवाल्यांचा मुलूख अगदीच निर्दोष समजू नकोस. केबलवाल्याच्या तारेप्रमाणे तिथेही एका तंतूवरील सेकंदास सुमारे अडीच गिगाबिटांचा ओघ ३२ वा ६४ घरांत वाटला जातो. वाड्यातील सामाईक नळावर सारे एकदम आले की प्रत्येकाच्या वाट्याची धार बारीक होते, तसेच इथेही, केवळ नळ पुष्कळ मोठा आहे.

काचतंतू नाजूकही असतो. सुतार कपाट बसविताना त्याला काटकोनात मुरडतो, आणि मग मोडेमवर लाल दिवा लुकलुकू लागतो. तांब्याची तार तुटली तर केबलवाल्याचा पोरगा पक्कड घेऊन दहा मिनिटांत सांधा करतो. काचतंतू सांधण्यास स्प्लाइसिंगचे यंत्र लागते, आणि रस्ता खोदणाऱ्याने एकदा घाव घातला की ते यंत्र बाळगणारा माणूस कधी उगवतो यावर सारे अवलंबून. या एका मुद्द्यावर केबलवाल्याची बाजू बळकट आहे, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. तो त्याच पेठेत राहतो, गणपतीची वर्गणी मागावयास येतो, आणि रात्री नऊ वाजता त्याच्या घरी फोन करता येतो. उलट कंपनीच्या सेवाकेंद्रात मंजुळ आवाज पुष्कळ भेटतात, माणूस भेटतोच असे नाही. म्हणून इमारतीतील चार बिऱ्हाडांस वेग किती मिळतो हे न विचारता, गेल्या पावसाळ्यात बंद पडले तेव्हा किती दिवसांनी सुरू झाले, एवढेच विचार.

आता टीव्ही. ‘इंटरनेटबरोबर टीव्ही आणि डझनभर ओटीटी फुकट’ या प्रलोभनास बळी पडू नये असे मला स्पष्ट वाटते, कारण दोन्ही एकाच तारेवर बांधली की तार बंद पडलेल्या संध्याकाळी तुझे काम आणि सासूबाईंची मालिका एकदमच बुडते. सासूबाईंना सह्याद्री, दोन मराठी मालिकांच्या वाहिन्या आणि एक बातम्यांची, याहून अधिक नको आहे, आणि हातातला रिमोट बदलणे त्यांना जाच वाटेल. २०१९ पासून प्रेक्षकाला हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क मिळाला आहे. केबलवाला मात्र सवयीने शंभर वाहिन्यांचा गठ्ठाच पुढे करील. तो नाकारून वाहिन्यांची यादी स्वतः लिहून दे. पूर्वी या सेवेच्या मूळ आकारास १३० रुपये व कर अशी कमाल मर्यादा होती. २०२४ साली दूरसंचार नियामक ट्रायने ती उठविली असल्याने आकार आता चालकागणिक निराळा पडेल, तोही विचारून घे.

तेव्हा माझे मत असे, की इंटरनेट काचतंतूचे घ्यावे आणि टीव्ही तूर्त केबलवाल्याकडेच राहू द्यावा. मात्र वर्षाची रक्कम आगाऊ भरल्यास मोडेम व जोडणी फुकट मिळते म्हणून मोहात पडू नकोस. पहिले तीन महिने महिन्याच्या हप्त्यानेच चालव. १८ टक्के जीएसटी धरून एकूण आकार किती, डेटाची मासिक मर्यादा ओलांडल्यावर वेग कुठवर घसरतो, मोडेम कुणाच्या मालकीचे, आणि अनामत रक्कम परत कधी, हा तपशील पावतीवर अथवा ईमेलमध्ये आल्याखेरीज पैसे देऊ नकोस. तक्रार केलीस की तिचा नोंदणी क्रमांक टिपून ठेव. त्या क्रमांकाविना वरच्या अपील अधिकाऱ्यापुढे तुझी कैफियत उभी राहत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनाही आधी भेट, कारण काही संस्था एकाच कंपनीस नळीतून तार ओढू देतात, आणि मग निवडीचा हा सारा ऊहापोह व्यर्थ ठरतो.

तंतू जोडावयास माणूस येईल तेव्हा तू स्वतः घरी राहा. मोडेम कपाटामागे वा दाराच्या कोपऱ्यात न बसविता घराच्या मध्यावर बसवून घे, कारण काँक्रीटच्या भिंतींपुढे वायफाय लवकर हार खातो. आणि त्या माणसाच्या पिशवीत प्रकाश मोजण्याचे एक लहानसे यंत्र असते. ते तुझ्यासमोर लावावयास सांग. आकडा उणे वीसच्या आसपास असावा. उणे सत्तावीसकडे झुकला असेल तर सांधा पुन्हा करावयास लाव आणि तोवर कागदावर सही करू नकोस. जे वाचन येईल ते मला त्याच दिवशी कळव.

सासूबाईंस सा. नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा