एका तारेतली दोन कंपनं

प्रश्न : तंबोऱ्याची एकच तार छेडली तरी मूळ स्वरासोबत वरचे कितीतरी स्वर ऐकू येतात आणि कुणी कुणाच्या आड येत नाही. मग नॅनो आकाराच्या तारेत एक कंपन दुसऱ्याचा सूर बदलतं, ते कसं?

उत्तर : तंबोऱ्यातही कंपनं तेवढी अलिप्त नसतात. तार जिथे छेडली त्याच बिंदूवर जे वरचे स्वर स्थिर असतात, ते खरं तर उमटायला नकोत. तरी ते स्पष्ट ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं. घोडीच्या पसरट माथ्यावर तार टेकत-सुटत राहते आणि एका कंपनाची ऊर्जा दुसऱ्यात जाते. जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या झंकाराची, किमया ती हीच.

नॅनो तारेला घोडी लागत नाही. तिथे ताणच मध्यस्थ होतो. दोन्ही टोकांना जखडलेली तार वाकली की किंचित लांबते, म्हणजे ताण वाढतो आणि तो सगळ्या कंपनांचा सामाईक असतो. म्हणून पहिलं कंपन जोरात चाललं की दुसऱ्याचा स्वर चढतो. पहिल्याचा झोका दुप्पट केला, तर हा चढ चौपट. वाद्याची तारही जोरात छेडली की क्षणभर चढी लागते, पण फरक जेमतेम कळतो. तारेऐवजी ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अणूंचा, ताणलेला पडदा घेतला तर तो मात्र एकाच अणूच्या जाडीचा, सुमारे ०.३४ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर हलला तरी तो स्वतःच्या जाडीच्या जवळजवळ तिप्पट हलला, म्हणून तिथे हा चढ ठळक असतो!

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने केलेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार सुंदर वाटतो. ग्राफीनच्या इवल्या ढोलकीच्या दोन कंपनांच्या वारंवारतांत जेवढा फरक होता, नेमक्या तेवढ्याच वारंवारतेने त्यांनी विद्युतदाबाच्या मदतीने पडद्याचा ताण कमी-जास्त केला. एरवी आपापल्या सुरात चालणारी ती दोन कंपनं इतकी घट्ट जोडली गेली, की ऊर्जा विरून जाण्याआधीच एकीकडून दुसरीकडे जाऊन परत येऊ लागली.

कंपनांच्या या जोडणीचा एक त्रासही आहे. नॅनो तारांवर रेणूंचं वजन करतात. रेणू बसला की स्वर उतरतो. तो किती जड आणि नेमका कुठे बसला, हे कळायला दोन कंपनं एकदम ऐकावी लागतात. पण एक कंपन जरा मंदावलं, तरी दुसऱ्याचा स्वर उतरतोच. म्हणून दोघांचेही झोके काटेकोर स्थिर ठेवावे लागतात, नाहीतर न बसलेल्या रेणूचंही वजन भरतं.