बोरूचे टोक आणि संगणकाचा कुंचला

समजा, कळंबमधील तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे. स्वागतफलकावर उर्दूत 'खुश आमदीद' आणि मराठीत 'सुस्वागतम्' लिहायचे आहे. संगणकातील तयार अक्षरे क्षणात मिळतात. पण तीच अक्षरे गावोगावच्या फलकांवर दिसतात. तुमच्या हाताचे वळण त्यांत कोठून येणार? त्यासाठी आपला कुंचला आपणच तयार करावा लागतो.

तुम्ही खत्तातीसाठी जी बांबूची किंवा वेताची कलम वापरता, तशाच लेखणीला मराठीत बोरू म्हणतात. कलम शाईत बुडवून कागदावर एकदा टेकवली, की नुक्ता उमटतो. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला यांनी या नुक्त्यालाच अक्षरांचे माप ठरवले. आजही अलिफची उंची नुक्त्यांनी मोजतात. संगणकाचा कुंचला म्हणजे असाच एक नुक्ता होय. संगणक तो ठसा एकापुढे एक इतक्या जवळजवळ उमटवतो, की आपल्याला सलग रेघ दिसते.

आता कृती पाहू. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने बोरूचा एकच ठसा उमटवा. त्याचा स्पष्ट फोटो काढा. ठसा मोठा घ्या. लहान ठसा वाढवला, तर कडा पुसट होतात. क्रिटा किंवा जिंप ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. त्यांपैकी एकात चित्र उघडून ते काळे-पांढरे करा, भोवतालचा कागद कापून टाका आणि कुंचला म्हणून साठवा. काळा भाग रंग देतो, पांढरा भाग देत नाही आणि करडा भाग फिका रंग देतो.

यानंतर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ठशांमधील अंतर. ते जास्त असेल, तर रेघेऐवजी सुटे ठिपके दिसतील. एक-दोन टक्क्यांवर आणले, की रेघ जुळते. दुसरी, टोकाचा कोन. लिहिताना हात वळतो, पण बोरूचे टोक फिरत नाही. म्हणूनच रेघ कोठे जाड, कोठे बारीक होते. संगणकातही ठशाचा कोन स्थिर ठेवा. तो रेघेबरोबर फिरला, तर सगळी रेघ सारख्याच जाडीची होईल आणि अक्षराचा डौल जाईल.

विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवला. ते स्वतः सुलेखनकार होते. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. यंत्रावर काम करण्याआधी हात तयार असावा लागतो, हे अशा कलावंतांकडे पाहून कळते.

तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी जुने कातिब असतील, तर त्यांच्या कलमेचा एक नुक्ता मागून घ्या. मात्र त्यांची परवानगी घ्या आणि कुंचल्याला त्यांचेच नाव द्या. ठसा त्यांचा असेल. वळण मात्र तुम्हांलाच रोजच्या सरावाने कमवावे लागेल.

शब्दार्थ
कुंचला – ब्रश
सुलेखनकार – खत्तात, सुंदर अक्षरे लिहिणारा कलावंत
डौल – ऐट, शोभा
कातिब – हाताने मजकूर लिहून देणारा

स्वाध्याय
१. संगणकाच्या कुंचल्याला नुक्ता का म्हटले आहे?
२. ठशाचा कोन स्थिर का ठेवावा?
३. तुमच्या परिसरातील हाताने रंगवलेल्या एका पाटीचे वर्णन पाच वाक्यांत लिहा.