'थांबवा' हे पहिल्या ओळीत लिहा

कोणाला काम थांबवायला सांगायचं असेल, तर 'थांबवा' हे पहिल्या ओळीत लिहा. कारणं खाली, हवी तेवढी. आमच्या भोंगवली गावातल्या प्रत्येक नोकरदार पोराला मी आता हेच सांगतो, कारण दुसऱ्यानं हे पाळलं नाही आणि मेमो माझ्या नावावर निघाला.

नीरा ओलांडून शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात मी मोल्डिंगचा शिफ्ट इनचार्ज आहे. पावसाळ्यात नायलॉनच्या दाण्याचा एक लॉट आला आणि पाठोपाठ क्वालिटीचा मेल. विषय: 'कच्च्या मालाच्या तपासणीबाबत'. असे मेल रोज येतात. गाडी किती वाजता आली, ताडपत्री कुठं फाटली होती, नमुने कोणी काढले, मागच्या साली अशाच लॉटचं काय झालं, सगळा पाल्हाळ. मग तपासणीचा तक्ता. आणि अगदी शेवटी, 'आपला विश्वासू'च्या वर: 'सबब सदर लॉट पुढील सूचनेपर्यंत वापरू नये.' गोणीवर लाल टॅग नाही, साधा फोन नाही. स्टोअरनं दाणा दिला, आम्ही मशीनवर घेतला.

मध्यरात्रीनंतर ऑपरेटरनं मूठभर क्लिपा आणून टेबलावर टाकल्या. अंगावर चांदीसारखे चट्टे. अंगठ्यानं दाबली तर कट्‌कन मोडली. दाण्यात ओल राहिली की नायलॉन असाच ठिसूळ होतो. मशीन बंद करायला लावली आणि मेल पुन्हा उघडला, तळापर्यंत. ती ओळ दिसली तेव्हा आधी घाम फुटला, मग डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. क्वालिटीच्या साहेबांचं एकच पालुपद: "मेलमध्ये सगळं दिलंय, तुम्ही वाचलं नाही." मी म्हटलं, "साहेब, कुठं दिलंय ते दाखवा." मेल पडद्यावर लावला. स्वतःच लिहिलेलं वाक्य सापडेपर्यंत ते माऊसचं चाक खालीवर फिरवत राहिले. सगळ्यांनी पाहिलं, बोललं कोणी नाही.

आमचे सुरक्षा अधिकारी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची रजिस्टरमधली नोंद अशी: 'मागचं गेट उघडू नये. भिंत खचली आहे.' बाकीचं त्याखाली. अमेरिकी सैन्याच्या पत्रव्यवहाराच्या नियमावलीत, एआर 25-50 मध्ये, मुख्य मुद्दा सुरुवातीलाच द्यावा असं लिहूनच ठेवलंय. 9 ऑगस्ट 1940 ला, जर्मनीशी लढाई ऐन भरात असताना, चर्चिलनं आपल्या सहकाऱ्यांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना बजावलं होतं: अहवाल आटोपशीर ठेवा, मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, आकडेवारी परिशिष्टात टाका. युद्धात त्यांना हे जमतं, आणि आमच्याकडे एका लॉटसाठी जमत नाही.

तेव्हा विषयाची ओळ 'बाबत'वर सोडू नका. 'अमुक लॉट वापरू नका, आज दुसऱ्या पाळीपासून' असं सरळ लिहा. एका मेलमध्ये एकच आदेश द्या. माल थांबवायचा तर नुसत्या मेलवर भागवू नका: गोणीला टॅग लावा, स्टोअरला फोन करा, पोच घ्या. भाषा सोपी ठेवा. आणि लांबलचक मेल आला की आधी शेवटचा परिच्छेद वाचा, घात तिथंच असतो.

गावातल्या अर्जांचंही हेच. माहिती अधिकार कायदा 2005 चा, त्यात माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमदुरुस्तीनं तर अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा असं सांगितलंय. तरी माणसं भावकीचं गाऱ्हाणं पानभर लिहितात आणि कोणता कागद हवा ते शेवटी. गट नंबर, कागदाचं नाव, वर्ष पहिल्या ओळीत टाका.

मेमोला मी उत्तर दिलंय. पहिली ओळ: 'हा मेमो मागे घ्यावा.' सोबत त्या मेलची छापील प्रत जोडलीय, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारून. उत्तर अजून नाही. साहेबांचे मेल मात्र येताहेत, आणि परवाच्या मेलमध्येही मशीन कधी बंद ठेवायची ती तारीख तळालाच होती.