पावसाळी हिवाळा व घोड्यांच्या पोटांतील जंत

सणसरच्या शिवेजवळ बेलवाडीस आषाढी वारींत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचें रिंगण होतें. भीमथडी तट्टेंही याच मुलखांतलीं. अशा प्रांतांत घोड्याची निगा हा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय होय.

ज्या वर्षीं कार्तिक-मार्गशीर्षांत पाऊस पडतो व थंडी बेताची असते, त्या वर्षीं विशेष सावध असावें. जंतांचीं अंडीं लिदेंतून बाहेर पडतात. ओल व ऊब मिळतांच त्यांतून अळ्या निघून गवताच्या पात्यांवर चढतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हां पोटांत जातात. चैत्र-वैशाखाचें कोरडें ऊन त्यांस मारतें. आपल्याकडील सौम्य हिवाळ्यानें तें काम होत नाहीं. नीरा डाव्या कालव्याच्या पाटांकडेची हरळी तर बहुधा ओलीच असते.

लक्षणें : अंग खंगणें, केस राठ होणें, पोट सुटणें, वारंवार पोटशूळ उठणें. शिंगरांस धोका अधिक. मोठे गोल जंत आंतडें तुंबवून त्यांचा जीवही घेतात.

उपाय : (१) चराऊ जागेंतील लीद आठवड्यांतून दोनदां उचलून ढीग रचून कुजवावी, ताजी लीद कुरणांत पसरूं नये.
(२) चारा ओल्या जमिनीवर न टाकतां गव्हाणींत द्यावा.
(३) घोड्यांमागून त्याच कुरणांत मेंढरें किंवा गुरें चारावीं. घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्या पोटांत वाढत नाहींत.
(४) ताजी लीद पशुवैद्याकडून तपासवून, त्याच्याच सल्ल्यानें, वजनाप्रमाणें औषध द्यावें. अपुऱ्या मात्रेंतून वांचलेल्या जंतांवर पुढें तें औषध चालेनासें होतें. १४ दिवसांनीं पुन्हां तपासणी करावी.

औषधानें पोटांतील जंत मरतात, कुरणांतील अळ्या मरत नाहींत. यासाठीं औषध दिल्यावरही लीद उचलण्यांत खंड पडूं देऊं नये.