जादा प्रत किती दिवस ठेवायची?

आम्हा साहित्यवाल्यांना जादा प्रत म्हणजे देणगीच. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्या आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही. ग्रंथ हाती आला तो हस्तलिखित नकलांमुळे.

कार्यालयातल्या नोंदींचा न्याय मात्र वेगळा. कुठली नोंद किती वर्षं ठेवायची आणि कधी नष्ट करायची, हे तिथं जतन-धोरण ठरवतं. मग बॅकअप कुठं बसतो? त्याचं काम एकच: यंत्रणा कोसळली तर कालची स्थिती परत उभी करणं. तो काही अभिलेखागार नव्हे. त्यात नोंदी विषयवार लावलेल्या नसतात, सगळा ढीग एकदम उचललेला असतो. म्हणून पदवीच्या नोंदवहीसारखं कायमचं जपायचं ते बॅकअपच्या भरवशावर सोडू नये.

खरी गोम पुढं आहे. मूळ नोंद पुसली तरी बॅकअपमध्ये ती राहतेच. नोव्हेंबर १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण अंगाशी येताच व्हाइट हाउसमधल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी हजारो ई-मेल पुसले. बॅकअप टेपवर ते सापडले आणि चौकशीत पुरावा ठरले. तिथं बरंच झालं म्हणायचं! पण हेच एखाद्या मुलीच्या फी-सवलतीच्या अर्जाचं झालं तर? वडिलांचं उत्पन्न, घरची अडचण, फोन नंबर. मुदत संपली, 'नष्ट केले' असा शेरा पडला, आणि कपाटातल्या हार्ड डिस्कवर सगळं शाबूत. हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, असं आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही म्हणतो; दुसऱ्या कायद्यानं ती ठेवायला लावली असेल तर सूट.

म्हणून बॅकअपचं वयही धोरणातच लिहायला हवं. समजा, अर्ज तीन वर्षं ठेवायचा आणि प्रत्येक बॅकअप नव्वद दिवसांनी पुसायचा. मग अर्ज खऱ्या अर्थानं नाहीसा होतो तीन वर्षं नव्वद दिवसांनी, आणि अर्जदाराला तेच सांगावं. कोर्टात प्रकरण असेल तर संबंधित प्रतींची ही पुसापुशी थांबवावी लागते.

आणखी एक. बॅकअप परत चढवला की मधल्या काळात पुसलेल्या नोंदीही जिवंत होतात. त्यासाठी पुसलेल्या नोंदींची यादी वेगळी ठेवतात, नावं न लिहिता, फक्त क्रमांकांची. आणि बॅकअप चढवल्यावर त्या नोंदी पुन्हा पुसतात.