फायटरने जादू शिकावी का?

प्रश्न : माझा मुलगा दर रविवारी मित्रांबरोबर आमच्या हॉलमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. त्याचा फायटर सध्या चौथ्या लेव्हलला आहे. पाचवी लेव्हल फायटरचीच घ्यायची की विझार्डची पहिली, यावर परवा दीड तास वाद झाला. पोहे गार झाले. तलवार चालवणाऱ्याने थोडी जादूही शिकली, तर एवढं काय बिघडतं?
— एक पालक, ठाणे

उत्तर : पोहे गार व्हावेत इतका हा प्रश्न मोठा आहे, आणि तो नेमक्या पाचव्या लेव्हलला निघाला म्हणून जास्तच मोठा.

या खेळात पात्राचा एक पेशा असतो, त्याला क्लास म्हणतात. अनुभवाचे गुण साठले की लेव्हल चढते. एकाहून जास्त क्लास घेतले तरी सगळ्या लेव्हल मिळून २० च्या वर जाता येत नाही. प्रत्येक नवी लेव्हल कुठल्या क्लासमध्ये टाकायची हे खेळणारा ठरवतो. तुमच्या मुलाने विझार्ड निवडला तर त्याचा गडी ‘फायटर ४, विझार्ड १’ होईल, एकूण पाच. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, समोर राक्षस आणताना ही बेरीजच बघतो. पाच म्हणजे पाच, मग ते कसेही जमवलेले असोत.

आणि पाचवी लेव्हल साधी नाही. फायटरला तिथे प्रत्येक फेरीत एकाऐवजी दोन वार करायला मिळतात. निव्वळ विझार्ड त्याच लेव्हलला ‘फायरबॉल’ टाकू लागतो : आठ फासे एकदम, सरासरी २८ चं नुकसान, तेही घोळक्यातल्या प्रत्येकाला. तुमच्या चिरंजीवांकडे तेव्हा दोन्ही नसेल. एकच वार आणि पहिल्या पायरीचे, दिवसातून दोन-तीनदा टाकता येतील असे मंत्र. चौथ्या लेव्हलला जायला २,७०० गुण लागतात, पाचव्याला ६,५००, सहाव्याला १४,०००. म्हणजे आज वळण घेतलं तर दुसरा वार आणखी ७,५०० गुण लांबला. अर्धा फायटर, अर्धा विझार्ड असं काही होत नसतं. होतो तो उशिरा पिकणारा फायटर. मल्टिक्लासची, म्हणजे असे क्लास मिसळण्याची, खरी किंमत हा उशीर आहे, आणि वाद घालणारी मुलं नेमकी तीच मोजायला विसरतात. त्यांचं लक्ष विसाव्या लेव्हलवर असतं.

मीही तसाच फसलो होतो. तीन क्लास मिसळून एक पात्र बनवलं. बाराव्या लेव्हलला ते भारी होणार होतं. सातव्या लेव्हलला आमच्यातल्या दोघांच्या बदल्या झाल्या आणि कॅम्पेन संपलं. ते पात्र अजून वहीत आहे.

पण मुलाची बाजूही कच्ची नाही. विझार्डच्या एका लेव्हलमध्ये ‘शील्ड’ हा मंत्र मिळतो. वार बसतोय असं दिसलं की ऐन वेळी बचाव ५ ने वाढतो. आधीच जाड चिलखत घातलेल्या फायटरच्या हाती हा मंत्र आला की डीएमच्या कपाळाला आठ्या पडतात. शिवाय त्याने सुरुवात फायटरपासून केली हे बरं झालं. जड चिलखत वापरायची मुभा फायटर म्हणून जन्मलेल्यालाच मिळते, मागून फायटर झालेल्या विझार्डला नाही. मार खाऊनही मंत्र न तुटू देण्याची तयारीसुद्धा पहिल्या क्लासबरोबरच येते. फक्त एक पाहा : बुद्धीचा आकडा किमान १३ आहे ना? नसेल तर नियमच परवानगी देत नाही. आणि बऱ्याच फायटरांची बुद्धी ८ असते, कारण सगळे गुण ताकदीत घातलेले असतात.

दोन क्लासमधलं सगळंच एकमेकांत मिळतं असंही समजू नका. फायटर ५ आणि पॅलाडिन (हाही लढवय्याच क्लास) ५ एकत्र केले तरी वार दोनच, तीन नाहीत.

हा घोळ खेळाइतकाच जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात एल्फ एका मोहिमेत योद्धा आणि पुढच्या मोहिमेत जादूगार होऊ शकत असे, मध्येच मात्र बदलता येत नसे. १९७८ च्या पुस्तकात एल्फ, ड्वार्फ वगैरेंना दोन पेशे एकदम चालवता येत, पण मिळालेले गुण दोन्हींत सारखे वाटले जात. माणसाला वेगळाच न्याय : जुना पेशा सोडायचा, नवा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा, आणि नवा जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली तर त्या मोहिमेचे गुण बुडाले. पन्नाशीत नोकरी बदललेल्या कुणालाही हा नियम पटेल. लेव्हलगणिक क्लास निवडायची मोकळीक २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. त्यातही दोन क्लास फार खालीवर झाले तर गुणांत २० टक्के कपात होती.

माझं मत मागाल तर पाचवी लेव्हल फायटरचीच घ्यावी. दुसरा वार हाती आला की सहावी खुशाल विझार्डची घेऊ दे. तिसऱ्या लेव्हलला त्याने ‘एल्ड्रिच नाइट’ ही शाखा निवडली असती, तर फायटर राहूनच थोडी जादू, अगदी ‘शील्ड’सुद्धा, मिळाली असती आणि हा वादच झाला नसता. ते आता गेलं.

आणि हो, २०१४ च्या पुस्तकात मल्टिक्लासचा हा सगळा भाग ऐच्छिक नियम म्हणून छापला आहे. डीएम नको म्हणाला की विषय संपला. दीड तास भांडण्याआधी कुणी त्याला विचारलं होतं का?