पृष्ठभागाचे सान्निध्य आणि आयनांचा प्रकाश

ट्यूबलाइटच्या अनेक नळ्यांना आतून लावलेल्या पांढऱ्या भुकटीतील तांबडा प्रकाश युरोपियम या विरल मृत्तिका मूलद्रव्यापासून मिळतो. यट्रियम ऑक्साइडाच्या स्फटिकात युरोपियमचे आयन विखुरलेले असतात. ऊर्जा मिळताच ते उद्दीपित होतात व सरासरी सुमारे एक मिलिसेकंदाने ६११ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देऊन मूळ अवस्थेस येतात. या सरासरी अवधीस उद्दीपित अवस्थेचे आयुर्मान म्हणतात.

हे आयुर्मान केवळ आयनाच्या व त्याच्या स्फटिकाच्या अंगचे असते, अशी समजूत दीर्घकाळ होती. उत्सर्जनाचा वेग भोवतालच्या पोकळीवरही अवलंबून असतो, असे एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये प्रतिपादन केले. पुढे १९७० च्या सुमारास जर्मनीत कार्ल हाइन्झ ड्रेक्सहागे यांनी याचा प्रकाशातील पडताळा घेतला. त्यांनी धातूच्या आरशावर मेदाम्लाचे एकेक रेणू जाडीचे थर चढविले आणि त्यांवर युरोपियमच्या संयुगाचा थर दिला. थरांची संख्या वाढवीत नेली, तेव्हा आयुर्मान क्रमाने कमी व अधिक होत गेल्याचे आढळले.

याचे कारण झोपाळ्याच्या उदाहरणाने समजते. झोक्याच्या गतीविरुद्ध हात लावल्यास तो लवकर थांबतो; गतीच्या दिशेने ढकलल्यास अधिक वेळ चालतो. आरशावरून परतणारी प्रकाशलहर आयनावर असाच परिणाम करते. ती कोणत्या क्षणी परतते, हे आरशाच्या अंतरावर ठरते. मात्र आयन धातूपासून काही नॅनोमीटरांवरच असेल, तर त्याची बहुतेक ऊर्जा धातूत शिरून उष्णतेत रूपांतरित होते. तेव्हा आयुर्मान घटते आणि प्रकाशही मंदावतो.

स्फटिकाचा स्वतःचा पृष्ठभागही असाच बाधक ठरू शकतो. कण अतिसूक्ष्म केल्यास त्यातील पुष्कळसे आयन पृष्ठभागाजवळ येतात. तेथे चिकटलेल्या पाण्याच्या रेणूंची कंपने त्यांची ऊर्जा प्रकाशावाचून शोषून घेतात. म्हणून अशा कणांवर आयनरहित स्फटिकाचे पातळ कवच चढवितात. त्यामुळे आतील आयन पृष्ठभागापासून दूर राहतात व उजेड वाढतो.

यावरून अभ्यासकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. आयुर्मान घटले म्हणजे प्रकाश वाढलाच असे नाही. ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडली की उष्णतेत गेली, याचेही स्वतंत्र मापन केले पाहिजे.